आधी मत, मग शपथ : वराडकरांच्या आयर्लंडमध्ये सरकार कसं बनतं

जून २०१७ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एकच निरोप दहा ठिकाणांहून आला असेल : "मालवणचा माणूस आयर्लंडचा पंतप्रधान!" लव्हालमधल्या आमच्या गोतावळ्यात कोकणातली चार घरं आहेत. त्या चार घरांची मान पुढचे दोन महिने खाली आली नाही. आम्ही देशावरची मंडळी. "अहो, वडील फक्त आपल्याकडचे, आई आयरिश आहे," असं म्हणून थोडा विरोध करून पाहिला, पण मनातून आम्हांलाही बरंच वाटत होतं. गाव वराड, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. तिथलं आडनाव युरोपातल्या एका देशाच्या सरकारच्या दारावर लागलं, ही काही रोजची गोष्ट नव्हे.

माहिती बहुतेकांना आहे, तरी थोडक्यात सांगतो. वडील डॉ. अशोक वराडकर १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे स्लाव गावी नोकरीत असताना मिरिअम या आयरिश नर्सशी ओळख झाली, लग्न झालं, आणि १९७३ मध्ये कुटुंब डब्लिनला आलं. लिओ हे शेंडेफळ, दोन बहिणींनंतरचे, जन्म १९७९. ट्रिनिटी कॉलेजातून डॉक्टर झाले, उमेदवारीचा काही काळ मुंबईच्या केईएममध्येही काढला. म्हणजे आपल्या ओळखीतल्या कितीतरी डॉक्टरांच्या घरची असावी तशीच ही कथा. फरक एवढाच की या मुलानं स्टेथोस्कोप बाजूला ठेवून निवडणूक लढवली.

पण मला खरं लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. त्या दिवसाची बातमी वाचताना आमच्या कन्येनं, तेव्हा ती दहा वर्षांची होती, एक प्रश्न विचारला. "बाबा, १५८ पैकी ५७ म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी ना? मग हा जिंकला कसा?" कारण आकडा तोच होता. आयर्लंडच्या लोकसभेत, म्हणजे त्यांच्या 'डॉल'मध्ये, वराडकरांच्या बाजूनं ५७ मतं पडली, विरोधात ५०, आणि चाळीसहून अधिक सभासद शांतपणे तटस्थ बसले. अभिमानाचे निरोप पुढे पाठवणाऱ्या आम्हां मोठ्या माणसांपैकी कुणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. मी धंद्यानं इंजिनियर. आकडा जुळत नसेल तर रात्री झोप लागत नाही. तेव्हापासून या विषयाचा नाद लागला तो लागलाच.

आधी शब्द. आयर्लंडच्या पंतप्रधानाला म्हणतात 'टीशख', म्हणजे जुन्या गेलिक भाषेतला टोळीप्रमुख. उपपंतप्रधान तो 'टॉनिश्ते'. इंग्रजीत बोलतानासुद्धा ते हेच शब्द वापरतात. आपल्या क्वेबेकमध्ये भाषेवरून काय काय चालतं ते पाहणाऱ्याला याची गंमत वाटेल : आयर्लंडमध्ये रोज गेलिक बोलणारी माणसं थोडी, पण सत्तेच्या खुर्च्यांची नावं मात्र गेलिकच.

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. त्यांच्या १९३७ च्या घटनेत एक साधी अट घातलेली आहे. राष्ट्राध्यक्ष टीशखची नेमणूक करतो, पण डॉलनं नाव सुचवल्यावरच. नाव पुकारलं जातं, सभासद मत देतात, मोजणी होते, आणि मग तो माणूस गाडीत बसून राष्ट्राध्यक्षांकडे जातो आणि शिक्क्याचं पत्र घेऊन परत येतो. इथेच संपत नाही. परत आल्यावर आपले मंत्री कोण हे तो सभागृहाला सांगतो, आणि त्या यादीवर पुन्हा मतदान होतं. यादीही लांबलचक करता येत नाही. स्वतः धरून कमीत कमी सात, जास्तीत जास्त पंधरा. (आपल्या महाराष्ट्रात कायद्यानं त्रेचाळीसपर्यंत मुभा आहे आणि तरी नाराजांची रांग संपत नाही.)

कारखान्यात आम्ही ज्याला इंटरलॉक म्हणतो तो हा. झडप उघडल्याची खूण मिळाल्याशिवाय पंप सुरूच होऊ नये, अशी जोडणी. पंप आधी चालू करा आणि झडपेचं मग बघू, असं म्हणून चालत नाही. आयर्लंडमध्ये सभागृहाचं मत ही झडप. ती उघडेपर्यंत शपथेचा पंप बंद.

आपल्या ओटावात असं नाही. इथं गव्हर्नर जनरल पंतप्रधान नेमतात, आणि सभागृहाचा विश्वास आहे असं तूर्त धरून चालतात. नावावर मतदान कधीच होत नाही. ताजं उदाहरण सगळ्यांनी पाहिलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये जस्टिन ट्रूडोंनी पद सोडायचं जाहीर केलं, संसद संस्थगित झाली, लिबरल पक्षाच्या सभासदांनी मार्क कार्नी यांना नेता निवडलं, आणि १४ मार्चला त्यांचा शपथविधी झाला. तेव्हा ते खासदारसुद्धा नव्हते. ९ दिवसांनी त्यांनी निवडणूक मागितली, आणि पंतप्रधान म्हणून त्यांनी सभागृह पाहिलं ते मेअखेरीस, जनतेनं निवडून दिल्यावर. यात बेकायदा काहीच नव्हतं. पण आयर्लंडमध्ये हे घडूच शकलं नसतं. तिथं टीशख हा डॉलचाच सभासद लागतो.

आणि मुंबई? २०१९ चा नोव्हेंबर कुणी विसरला असेल असं वाटत नाही. निकाल २४ ऑक्टोबरला लागले, कुणाचंच जमेना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ तारखेला भल्या पहाटे ती उठली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची रात्र होती. जेवणं आटोपून टीव्ही लावला तर हे! बहुमत आहे की नाही ते नंतर बघायचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं चाचणी घ्यायला लावली, आणि चाचणीआधीच, २६ तारखेला, राजीनामा आला. २८ ला उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली आणि ३० ला १६९ मतांनी विश्वास मिळवला. दोन्ही वेळा क्रम तोच : आधी शपथ, मग मत. आपल्या घटनेच्या १६४ व्या कलमात मुख्यमंत्री राज्यपालांनी नेमायचा एवढंच आहे, आधी मोजायचं असं लिहिलेलं नाही. १९९४ च्या बोम्मई खटल्यात न्यायालयानं बहुमताचा फैसला राजभवनात नव्हे तर सभागृहातच व्हावा असं बजावलं. पण तो फैसला कधी, हे दर वेळी नव्यानं भांडून ठरतं.

याची मला जास्त चुटपुट लागते, कारण आयर्लंडचं पुस्तक आपल्या लोकांनी उघडून पाहिलं होतं. घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंड असा दौरा करून आले होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी मार्गदर्शक तत्त्वांचा विषय निघाला तेव्हा आयर्लंडचाच दाखला दिला. संसदीय लोकशाहीच्या घटनांमध्ये अशी तत्त्वं दुसरीकडे फक्त तिथंच आहेत असं ते म्हणाले. राज्यसभेवर नामवंतांची नेमणूक करायची कल्पनाही तिकडचीच. एवढं सगळं आणलं, पण 'आधी मत, मग शपथ' हे कलम मात्र तिकडेच राहिलं. तेव्हा काँग्रेसचं बहुमत एवढं दांडगं होतं की मोजणीची गरजच कुणाला वाटली नसावी, असा आपला माझा तर्क.

आता कन्येच्या ५७ कडे येतो. आयर्लंडचे दोन मोठे पक्ष, फिना गेल आणि फियाना फॉल. दोन्ही एकाच घरातून निघालेले. डिसेंबर १९२१ मध्ये इंग्लंडशी तह झाला, तो मान्य करायचा की नाही यावरून भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला, १९२२-२३ मध्ये यादवी झाली. तहाच्या बाजूचे ते पुढे फिना गेल, विरोधातले फियाना फॉल. आर्थिक धोरणात म्हणाल तर दोघांत फारसं अंतर नाही. पण भाऊबंदकीत धोरण कुठे लागतं? बांधावरून जे भांडण झालं ते नातवंडांपर्यंत चालतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २०१६ च्या निवडणुकीत फिना गेलला ५०, फियाना फॉलला ४४ जागा मिळाल्या. बहुमताला एकोणऐंशी हवेत. दोघं एकत्र आले असते तर प्रश्नच नव्हता, पण आजोबांचं भांडण आडवं आलं. डॉलमध्ये टीशखसाठी तीनदा मतदान झालं, तिन्ही वेळा कुणीच निवडून आलं नाही. ७० दिवस गेले. चौथ्या वेळी, ६ मे रोजी, एन्डा केनी ५९ विरुद्ध ४९ मतांनी निवडून आले, कारण फियाना फॉलनं तटस्थ राहायचं कबूल केलं. आपल्या राजकीय भाषेत हा बाहेरून पाठिंबा. पण आपल्याकडचा बाहेरचा पाठिंबा हा एखाद्या पुढाऱ्याच्या मूडवर चालतो. इथे लेखी करार होता. तीन अंदाजपत्रकांना आडवं यायचं नाही, अविश्वासाच्या ठरावात सरकार पाडायचं नाही, बदल्यात अमुक अमुक धोरणं राबवायची. पुढे ब्रेक्झिटच्या धामधुमीमुळे तो करार आणखी एका वर्षानं वाढवला. मार्च २०२२ ते सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रूडो आणि एनडीपी यांच्यात असाच करार होता, आणि सरकारी दंतचिकित्सा योजना त्यातूनच आली. आपल्यातल्या ज्येष्ठांच्या कवळ्यांचा आणि संसदीय अंकगणिताचा असा थेट संबंध आहे.

केनी २०१७ मध्ये बाजूला झाले. कराराची मुदत अजून होती, म्हणून त्यांच्या जागी जो येईल त्यालाही फियाना फॉलनं वाट करून दिली. ५७ चा उलगडा तो हा. घटनेला अर्ध्याहून अधिक सभासद 'हो' म्हणणारे लागत नाहीत, 'नाही' म्हणणाऱ्यांपेक्षा 'हो' म्हणणारे जास्त लागतात. तटस्थ राहणं हीसुद्धा तिथे विचारपूर्वक केलेली कृती असते.

पण त्याआधी एक पायरी होती, आणि मला तीच सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. फिना गेलचा नेता कोण, वराडकर की कॉर्कचे सायमन कोव्हनी? पक्षाच्या साध्या सभासदांनी कौल दिला तो कोव्हनींना, जवळजवळ ६५ टक्के. तरी वराडकर जिंकले. कारण पक्षाच्या नियमाप्रमाणे खासदारांच्या मतांना ६५ टक्के वजन, सभासदांना २५, नगरसेवकांना १०. आणि ७३ खासदारांपैकी ५१ वराडकरांकडे होते. ही ५१ माणसं एका रात्रीत जमत नाहीत. २००३ मध्ये फिंगल कौंटी कौन्सिलमध्ये शिरल्यापासून, २००७ मध्ये खासदार, २०११ पासून मंत्री, अशी चौदा वर्षं एकेका माणसाशी संबंध जोडत हे झालेलं होतं. वडिलांचं गाव, त्वचेचा रंग, आणि जानेवारी २०१५ मध्ये आकाशवाणीवर स्वतःच सांगितलेलं समलिंगी असणं, यांतलं काहीही त्या खासदारांपासून लपलेलं नव्हतं. त्यांनी हिशेब केला तो पुढची निवडणूक कोण जिंकून देईल याचा.

गंमत म्हणजे तीच त्यांनी जिंकून दिली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये फियाना फॉल ३८, शिन फेन ३७, फिना गेल ३५. खुद्द टीशख आपल्या डब्लिन पश्चिम मतदारसंघात पाचव्या फेरीत निवडून आले. फेरी म्हणजे काय? तिथे एकेका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडायचे आणि मतदारानं पसंतीचे क्रमांक द्यायचे. आपली विधान परिषदेची निवडणूक आमदार याच पद्धतीनं करतात. २० जून २०२२ ला त्या मतमोजणीत मतं फुटली आणि रात्री एकनाथ शिंदे सुरतेकडे निघाले, म्हणजे पद्धत अनोळखी नाही. आयर्लंडमध्ये ती सामान्य मतदाराच्या हातात आहे. मोठ्या पक्षानं १९५९ आणि १९६८ असं दोनदा सार्वमत घेऊन ती काढायचा प्रयत्न केला, लोकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. त्यामुळे एकहाती बहुमत दुर्मिळ, आणि बोलणी करत बसणं हा तिथल्या राजकारणाचा रोजचा धंदा.

त्या वर्षी १४० दिवस बोलणी चालली, आणि नेमका मध्ये कोविड. हरलेले वराडकर राजीनामा देऊनही काळजीवाहू म्हणून कारभार पाहत होते, कारण घटना म्हणते की उत्तराधिकारी येईपर्यंत गाडी सोडून उतरायचं नाही. मार्चमध्ये त्यांनी डॉक्टर म्हणून नावही पुन्हा नोंदवलं. एक पेच मात्र असा होता, की सिनेटमधले ११ जण नव्या टीशखनं नेमायचे असतात. टीशख नाही म्हणून सिनेट अपुरं, सिनेट अपुरं म्हणून कायदे अडलेले, आणि जूनअखेर काही महत्त्वाच्या कायद्यांची मुदत संपत होती. मुदत डोक्यावर आली की आमच्या धंद्यात जे होतं तेच तिथे झालं. २७ जूनला फियाना फॉलचे मीहॉल मार्टिन ९३ विरुद्ध ६३ मतांनी टीशख झाले, यादवीतले दोन वैरी जवळजवळ शंभर वर्षांनी एका मंत्रिमंडळात बसले, ग्रीन पक्ष तिसरा. अर्धी मुदत मार्टिन, अर्धी वराडकर.

'अडीच-अडीच वर्षं' हे शब्द वाचून महाराष्ट्रातल्या कुणालाही ठसका लागेल. तसं ठरलं होतं की नव्हतं, यावरूनच तर २०१९ मध्ये युती मोडली. आयर्लंडमध्ये ते छापील करारात होतं आणि तिन्ही पक्षांच्या सभासदांनी मंजूर केलेलं होतं. आणि १७ डिसेंबर २०२२ ला खरंच मार्टिन उठले, वराडकर पुन्हा बसले. अर्थात पुन्हा नावानं मतदान होऊन, ८७ विरुद्ध ६२.

राष्ट्राध्यक्षाचीही एक हकिगत सांगायलाच हवी. बहुमत गमावलेल्या टीशखनं निवडणूक मागितली तर ती नाकारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहे. आजवर एकदाही वापरलेला नाही. पण २७ जानेवारी १९८२ ला गॅरेट फिट्झजेराल्ड यांचं अंदाजपत्रक ८२ विरुद्ध ८१ मतांनी कोसळलं, लहान मुलांच्या बुटांवर कर लावल्याचं निमित्त झालं. त्या रात्री विरोधी पक्षाकडून राष्ट्राध्यक्ष हिलरी यांच्या घरी फोनावर फोन गेले : निवडणूक देऊ नका, आम्हांला बोलवा. हिलरींनी फोन घेतलेच नाहीत. पुढे १९९० मध्ये त्यातल्याच एका पुढाऱ्यानं, ब्रायन लेनिहन यांनी, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवताना "मी फोन केलाच नाही" असं सांगितलं, आणि केला होता असं त्यांच्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. मंत्रिपद गेलं, निवडणूकही गेली, आणि मेरी रॉबिन्सन पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या. रात्री केलेल्या फोनाची किंमत आठ वर्षांनी वसूल झाली. राजभवनांच्या परिसरात ही गोष्ट फ्रेम करून लावायला हरकत नाही.

वराडकरांनी २० मार्च २०२४ ला राजीनामा जाहीर केला. त्याच महिन्यात दोन सार्वमतांत सरकार सपशेल हरलं होतं. कारणं वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही आहेत, एवढंच त्यांनी सांगितलं. पक्षानं सायमन हॅरिस यांना बिनविरोध निवडलं आणि ९ एप्रिलला डॉलनं मत दिलं. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीला वराडकर उभेच राहिले नाहीत. पंचेचाळिसाव्या वर्षी दोनदा पंतप्रधान होऊन मोकळे! आपल्याकडे या वयात युवक आघाडीचं अध्यक्षपद मिळतं.

आता आपल्या बेटाबद्दल दोन शब्द. लव्हालला येऊन कुणाला तीस वर्षं झाली, कुणाला तीन. गणपतीला, दिवाळीला आपण हॉल भरतो, पण पक्षाच्या स्थानिक सभेला, नगरपालिकेच्या बैठकीला आपल्यातले किती जण जातात? मतदान हे नागरिकत्वानंतर, हे खरं. पण २०२५ मध्ये लिबरल पक्षाचा नेता, म्हणजेच देशाचा पुढचा पंतप्रधान, निवडताना पर्मनंट रेसिडेंटनाही मत होतं, आणि वयाची अट होती चौदा. दीड लाखांहून थोडी जास्त मतं पडली, चार कोटींच्या देशात. ५७ चा प्रश्न विचारणारी आमची कन्या तोवर सेजेपला जाऊ लागली होती. तिनं नाव नोंदवून मत दिलं. मला मेट्रोच्या स्टेशनवरून फोन करून विचारलं, "बाबा, तुम्ही दिलंत का?" मी दिलं होतं, पण माझ्या ओळखीतल्या ज्यांनी २०१७ मध्ये वराडकरांचे निरोप पुढे पाठवले होते त्यांतल्या बहुतेकांना असं मत असतं हेच ठाऊक नव्हतं.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस टीशख लिओ वराडकर आईवडील, बहिणी आणि जोडीदार मॅथ्यू बॅरेट यांच्यासह वराडला आले होते. गावानं ओवाळलं, देवळात नेलं. ३० डिसेंबरला मुंबईत ठाकरे मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि पाच आठवड्यांपूर्वी भल्या सकाळी उपमुख्यमंत्री झालेल्यांनी दुसऱ्या बाजूनं पुन्हा त्याच पदाची शपथ घेतली.

जानेवारी २०२५ मध्ये डॉलनं मीहॉल मार्टिन यांना पुन्हा टीशख केलं, ९५ विरुद्ध ७६. करारानुसार नोव्हेंबर २०२७ मध्ये ती खुर्ची फिना गेलच्या नेत्याकडे जायची आहे. त्या दिवशीही आधी नाव पुकारलं जाईल, घंटा वाजेल, आणि मतं मोजून झाल्यावरच गाडी राष्ट्राध्यक्षांच्या घराकडे निघेल.